पांढऱ्या भाताचे एकवीस दिवस

सुमिनाह : मान वळवू नकोस म्हणते ना! फणी कानात गेली तर निकाहाचं एक अक्षर ऐकू येणार नाही तुला.

सेकार : मी कुठं वळवतेय, सुमिनाह मावशी? तुम्हीच ओढताय. जरा आरशात बघू द्या की.

सुमिनाह : आरसा काही पळून जात नाही. मी नवरी सजवायला बसले की समोरच्या पोरीनं बाहुली व्हायचं, बाकी काही करायचं नाही. चाळीस वर्षं हेच सांगतेय आणि चाळीस वर्षांत एकही पोरगी गप्प बसलेली नाही. तुझी आईसुद्धा नाही. तिचं कपाळ रेखत होते तर शिंकली बया. काळी रेघ पार नाकापर्यंत आली.

सेकार : आई म्हणते तुमचा हात हलला.

सुमिनाह : म्हणेल! फोटोत तिचं नाक बघ आणि मग ठरव कोण खरं.

सेकार : बरं, एक विचारू? कबाया कंबरेत अजून दोन बोटं आत घेता येईल का?

सुमिनाह : शिंपिणीनं तीनदा उसवून तीनदा शिवलीय ती लग्नाची चोळी. चौथ्यांदा नेलीस तर कात्री घेऊन मागे लागेल. आणि आत घ्यायला आहे काय तिथं? मघाशी पोटपट्टा गुंडाळला ना तुला? दीड महिन्यापूर्वी हाच पट्टा नऊ वेढ्यांत संपला होता. आज दहा वेढे झाले आणि वर वीतभर शेपूट उरलं. मला वाटलं पट्टाच बदलला कुणी.

सेकार : दहा? खरंच दहा? मावशी, परत सांगा ना, मी व्हिडिओ काढते.

सुमिनाह : ठेव तो फोन. इकडं बघ. माझ्या फणीत काय आहे हे?

सेकार : केस.

सुमिनाह : किती?

सेकार : गळतात हो सगळ्यांचेच. लग्नाचं टेन्शन असतं.

सुमिनाह : टेन्शननं दोन-चार गळतात. हा तर मांजराच्या पिल्लाएवढा गोळा झालाय. अगं, आपला अंबाडा म्हणजे काय खेळणं आहे? आत पानं ठासून भरलेली, वर मोगऱ्याची जाळी, त्यावर सोन्याची सात फुलं, आणि छातीपर्यंत लोंबणारी वेणी. हे सगळं कशाला धरून राहणार? माझ्या पुण्याईला?

सेकार : पिना जास्त लावा.

सुमिनाह : पिना काय भिंतीत ठोकू? केस लागतात त्याला! पुढच्या रविवारी नवरदेव दामार समोर येईल, तू लाजून मान खाली घालशील आणि अंबाडा धप्पकन त्याच्या पायावर. पाहुणे म्हणतील, नवरीनं भलताच नजराणा दिला.

सेकार : हसवू नका ना मावशी. हसलं की चक्कर येते.

सुमिनाह : हसल्यावर चक्कर? कधीपासून?

सेकार : काही नाही हो. उकडतंय ना. शिवाय लग्नाच्या मुलीनं घराबाहेर पडायचं नाही म्हणून महिनाभर कोंडून ठेवलंय. वारा कुठला लागायला?

हार्ती : आले, आले! झाली का रंगीत तालीम? सुमिनाहताई, चहा घ्या, चांगला गोड केलाय.

सुमिनाह : चहा नको, हार्ती. पाणी दे साधं.

हार्ती : अगोबाई! तुम्ही आणि चहाला नाही? असू दे. सेकारला विचारतच नाही मी, तिचा आपला पांढरा उपास. नुसता पांढरा भात आणि पाणी. आज एकविसावा दिवस! ऐकलंत ना? एकवीस! मागच्या गल्लीतल्या यातीच्या पोरीनं लग्नाआधी तीन दिवस केला तर यातीनं गावभर दवंडी पिटली होती. आता बघा, माझ्या दारावरून जाताना मान वर करत नाही.

सुमिनाह : एकवीस... म्हणजे अजून सुटला नाही?

हार्ती : सुटतोय कसला! दामारच्या आईला फोनवर सांगितलं तर डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. म्हणाल्या, अशी सून मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, मी काही शिकवलेलं नाही, पोरीचं उपजतच आहे. बरं, जाते मी. स्वयंपाकघरात शेजारच्या बारा जणी बसल्यात, लक्ष नाही दिलं तर फणसाच्या भाजीत दोनदा नारळ ओततील. वास सुटलाय ना? सेकार, नाक दाब गं, उपास मोडेल!

सुमिनाह : गेली. दार लोट. आणि बस इथं, माझ्यासमोर.

सेकार : अहो, कपाळ रेखायचं राहिलंय.

सुमिनाह : कपाळ राहू दे. मी तुला पांढरा उपास किती दिवस सांगितला होता?

सेकार : तीन.

सुमिनाह : तीन म्हणजे किती?

सेकार : मावशी, शाळेतल्यासारखं काय विचारताय? मनापासून करतेय, म्हणून वाढवला. चांगलंच आहे ना? तुम्हीच म्हणालात, त्यानं नवरी अशी खुलते की ओळखू येत नाही.

सुमिनाह : म्हणाले. माझीच जीभ. आता ऐक, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. सेकार, मला भूक लागलीय.

सेकार : मग खा ना! सांगू आईला? तळलेले सोयाबीनचे टेंपे गरम आहेत आत्ता.

सुमिनाह : नाव काढू नकोस टेंपेचं! काल स्वप्नात आले होते. ताटभर. हात लावणार तेवढ्यात नवऱ्यानं उठवलं. त्या माणसाशी सकाळपासून बोलले नाही मी.

सेकार : पण का? डॉक्टरनं पथ्य दिलंय?

सुमिनाह : पथ्य तू दिलंयस. माझा नियम आहे. जिला सजवायचं, ती जे खाईल तेच मी खायचं. तिचा पांढरा उपास सुरू झाला की माझा सुरू. तिचा सुटला की माझा सुटतो. नवरीला सांगायचं नसतं हे, पण आता सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

सेकार : म्हणजे तुम्ही... एकवीस दिवस?

सुमिनाह : चौथ्या दिवशी तुझ्या आईला फोन केला, उपास सुटला ना म्हणून. ती म्हणे, चालूच आहे! आठव्या दिवशी केला, चालूच! पंधराव्या दिवशी तर मी फोन हातात घेऊन देवाची करुणा भाकली. मला वाटलं, काही नवस असेल पोरीचा. दुसऱ्याच्या नवसात कोण तोंड घालतं? या तीन आठवड्यांत दोन लग्नं केली मी. समोर मटणाच्या कढया, आणि मी कोपऱ्यात भाताचे गोळे गिळतेय. आमचे हे म्हणतात, तू परत नवरी होणार आहेस की काय? कुणाची?

सेकार : अहो मावशी, तुम्ही त्रेसष्ट वर्षांच्या! सोडा आजच्या आज. माझ्यासाठी कशाला?

सुमिनाह : तू सोड, मी सोडते. सोपं आहे.

सेकार : ते नाही जमणार. दहा दिवसच तर राहिलेत. तुमचं वेगळं, माझं वेगळं.

सुमिनाह : वेगळं कसं? भात तोच, पाणी तेच. मी सकाळी एक ताट खाते, संध्याकाळी एक. तू?

सेकार : कपाळ रेखा ना आधी, मावशी.

सुमिनाह : विषय बदलू नकोस. किती खातेस?

सेकार : तीन चमचे.

सुमिनाह : एका वेळी?

सेकार : दिवसाला.

सुमिनाह : या अल्ला! आणि मी मेली इकडं दोन-दोन ताटं हाणतेय आणि वर म्हणतेय, सोसते बिचारी पोरीसाठी! तीन चमचे? पाखरू तरी जास्त टिपतं गं. आणखी काय? सगळं बोल. तुझ्या उशाखाली ती हिरवी पुडी आहे ना, मघाशी चादर सारखी करताना दिसली, ती काय आहे?

सेकार : चहा आहे. बारीक व्हायचा. फोनवर मागवला.

सुमिनाह : बारीक व्हायचा म्हणजे काय करतो?

सेकार : संडासला होते.

सुमिनाह : म्हणजे जे तीन चमचे जातात तेही बाहेर. वा! पाळी?

सेकार : मावशी!

सुमिनाह : लाजतेस काय? तुझी आंघोळ मी घालणार आहे पुढच्या शनिवारी. आली का?

सेकार : या महिन्यात नाही आली. आईला नका सांगू. तिला भलतंच काहीतरी वाटेल.

सुमिनाह : वाटेल खरं. दामारला महिनाभर उंबरा ओलांडू दिला नाही, तरी तुझ्या आईला वाटेलच. बरं, लग्नाआधी आरोग्य केंद्रात गेला होतात ना तुम्ही दोघं, आईला घेऊन, धनुर्वाताची सुई टोचून घ्यायला? नर्सबाई काय म्हणाली होती?

सेकार : सगळं छान म्हणाली. वजन अगदी योग्य. दंडाचा घेर पट्टीनं मोजला तर अशक्तपणाच्या लाल रेघेच्या चांगली वर होते मी. म्हणाली, अशीच राहा.

सुमिनाह : अशीच राहा! एका शिकलेल्या बाईनं कागदावर लिहून दिलं, अशीच राहा. मग कुठल्या शहाण्यानं तुला सांगितलं की नको राहूस?

सेकार : कुणी सांगितलं नाही.

सुमिनाह : कुणीच नाही?

सेकार : सगळ्यांनी. साखरपुड्याचे फोटो टाकले ना आम्ही. मामी म्हणाली, अय्या, गाल बघा, वाफवलेला पाव! दामारची बहीण म्हणाली, वहिनी खात्यापित्या घरची दिसते. चांगल्या मनानंच म्हणाली हो ती. मशिदीजवळचा भाजीवाला म्हणाला, भरलीस गं. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, लग्नाआधी थोडी उतरवणार असशील ना? कुणी वाईट बोललं नाही मावशी. आपल्याकडं 'कशी आहेस'च्या ऐवजी 'जाड झालीस' म्हणतात, मला काय कळत नाही? पण ते फोटो मी रोज बघते. झूम करून. आणि मग माझाच राग येतो मला.

सुमिनाह : आणि पांढरा उपास?

सेकार : जेवत नाही म्हटलं असतं तर आईनं पाठीत रट्टा घातला असता. उपास म्हटलं तर सगळ्यांना कौतुक. कुणी एक घास आग्रह करत नाही. आजीनं तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला फक्त एकदा ऐकायचंय मावशी. मंडपात शिरले की सगळ्यांनी म्हणावं, अगं ही सेकार? ओळखूच आली नाही!

सुमिनाह : वेडी गं वेडी. ओळखू न येणं म्हणजे नाहीशी होणं नव्हे! ते माझं काम आहे. ती काळी रेघ, तो रंग, तो मोगरा, तो सगळा खटाटोप मी त्याचसाठी करते. तू फक्त तुझं तोंड घेऊन यायचं. ते पण तू अर्धंच आणणार असशील तर मी कशावर रेखू?

सेकार : तुम्ही रागावलात.

सुमिनाह : रागावले. पण तुझ्यावर नाही. बावीस वर्षांपूर्वी एक पोरगी होती, मुर्नी नावाची. तिचा पोटपट्टा बांधताना मी म्हणाले, वा गं पोरी, काय कंबर केलीस! अख्ख्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले. हातांच्या काड्या झालेल्या दिसत होत्या मला. हेच केस, असेच फणीत. तरी म्हणाले. मंडपात नवऱ्यानं विधीप्रमाणे पायानं अंडं फोडलं, ही त्याचे पाय धुवायला वाकली आणि उठलीच नाही.

सेकार : म्हणजे?

सुमिनाह : म्हणजे आडवी झाली तिथंच. लोक म्हणाले, बाधा झाली, दृष्ट लागली. कुणी लिंबू आणायला धावलं, कुणी मंत्र म्हणायला लागलं. मला माहीत होतं काय झालंय ते, आणि मी गप्प बसले. इस्पितळात नर्सनं माझं सगळं रेखाटन बोळ्यानं पुसून काढलं, खालचा रंग बघायचा होता तिला. आणि इकडं नवरा एकटाच मखरात बसून चारशे पाहुण्यांशी हात मिळवत होता. नवरी कुठं विचारलं की म्हणायचा, येतेय.

सेकार : जगली ना ती?

सुमिनाह : जगली. पण सावरायला वर्ष गेलं. अजून बाजारात दिसते कधीकधी. ती रस्ता बदलते. का मीच बदलते, कोण जाणे. तेव्हापासून हा नियम. लोकांना सांगते, माझ्या गुरूनं घालून दिलाय. कसला गुरू! माझी गुरू दिवसातून चार वेळा जेवायची. नियम माझा आहे. परत अशी चूक झाली तर निदान माझ्या पोटाला तरी कळावं.

सेकार : मावशी, मी सोडलं असतं हो. खरंच. आठव्या दिवशी एक केळं घेतलं होतं हातात. पण भीती वाटते. एक घास घेतला की मला थांबताच येणार नाही असं वाटतं. सगळं परत येईल. गाल, दंड, सगळं. आणि रविवारी कबाया अंगात शिरणार नाही, आणि सगळे बघत असतील. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटत असेल.

सुमिनाह : वेडेपणाचं नाही वाटत. तुला भीती वाटते म्हणालीस, हे आज पहिल्यांदा खरं बोललीस. बरं तर. आजपासून माझेही तीन चमचे. एकविसातला एकही दिवस मी नीट पाळला नाही, त्याची भरपाई. चल, पाणी संपलं, मीच जाऊन आणते.

(सुमिनाह उठायला जाते. अर्धी उठते, हवेत काहीतरी धरू पाहते आणि मटकन खाली बसते.)

सेकार : मावशी! मावशी, काय झालं? आई! आई गं, लवकर ये!

सुमिनाह : ओरडू नकोस. मुंग्या येऊन पाय गेला. बसल्या बसल्या जातो असा.

सेकार : पाय नाही! ओठ पांढरे पडलेत तुमचे. आई!

हार्ती : काय झालं? कोण पडलं? सुमिनाहताई! अगोबाई, लिंबू आणू? दृष्ट काढू?

सुमिनाह : लिंबाचं नाव काढलंस तर तुझ्याच डोक्यावर पिळीन.

सेकार : आई, मावशी उपाशी आहेत. माझ्यामुळं. माझा उपास चालू म्हणून त्यांचाही. आणि मी... आई, माझा उपास नाहीये तो. मला बारीक व्हायचं होतं. भात पण नाही खाल्ला मी.

हार्ती : खाल्ला नाही कसा? रोज सकाळ-संध्याकाळ वाडगं भरून ठेवते मी तुझ्या खोलीत. घासूनपुसून रिकामं येतं!

सेकार : खिडकीतून कोंबड्यांना घालत होते.

हार्ती : तरीच! तरीच मेल्या एवढ्या माजल्यात! मी म्हणतेय, खुराड्याचं दार लागत नाही, सुतार बोलवायला हवा. अगं पण का? तू काय जाड होतीस? कुठं जाड होतीस तू?

सेकार : पाळी पण नाही आली या महिन्यात.

हार्ती : काय?

सुमिनाह : हार्ती, डोळे आत घे. तसलं काही नाही. पोटात अन्न नाही म्हणून पाळी नाही. नर्सबाईनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, पोर अशीच राहू दे. तू ऐकलंस का?

हार्ती : मी... मी तिथं लग्नाच्या कपड्यांचं बोलत होते कुणाशी तरी. आणि एकवीस दिवस मी सगळ्यांना सांगत फिरले. माझी पोर उपाशी मरत होती आणि मी मिरवत होते. यातीच्या दारात उभी राहून मिरवत होते!

सेकार : रडू नको ना आई. मीच खोटं बोलले.

हार्ती : तू खोटं बोललीस आणि मला ते आवडलं. कळतंय का तुला? मला आवडलं! आता त्या बायकांना काय सांगू?

सुमिनाह : रडणं नंतर. आधी नर्सबाईला फोन लाव. विचार, इतके दिवस उपाशी असलेल्या पोरीला काय द्यायचं. एकदम ताट पुढं करू नकोस, भलतंच व्हायचं. लाव फोन.

हार्ती : लावते. हॅलो? बाई, मी सेकारची आई... हो, लग्नवाल्या... नाही, पत्रिका द्यायला नाही केला...

सेकार : मावशी, तुम्ही तरी खा आता. मी सांगितलं ना सगळं.

सुमिनाह : सांगण्यानं पोट भरत असतं तर तुझी आई हत्तीएवढी झाली असती.

हार्ती : बाई म्हणतात, पातळ पेज, वर थोडं कोंबडीचं पाणी, एक मऊ अंडं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. तो चहा आत्ताच्या आत्ता फेकून द्या म्हणाल्या. आणि उद्या सकाळी दोघींना घेऊन या. मी विचारलं, लग्न पुढं ढकलू का? तर म्हणाल्या, आधी बघू दे मला, मग ठरवू. आणि म्हणाल्या, लग्न झालं की पोरीनं माझ्याशी बोलायला यायचं, दर आठवड्याला, नुसतं वजन करून जायचं नाही. ती भीती एका वाडग्यानं जात नाही म्हणे.

सुमिनाह : शहाणी बाई आहे. आण पेज.

हार्ती : दोन वाडगी आणू?

सुमिनाह : एकच. मोठं. आणि चमचे दोन. तू जा आता, त्या बारा जणींना सांग, आज नवरीनं उपास सोडला. खोटं नाही ते.

सेकार : मावशी, पेज पांढरीच आहे ना? की त्यात तेल...

सुमिनाह : सेकार. माझ्याकडं बघ. वाडग्याकडं नको. हां. घे.

सेकार : घेतला.

सुमिनाह : मी पण घेतला. या अल्ला, अंडं! डोळ्यांत पाणी आलं गं माझ्या. घे दुसरा.

सेकार : गरम आहे.

सुमिनाह : असू दे. फुंकर घाल. कचेरीतल्या त्या बाईचं लग्न झालंय का?

सेकार : नाही. का?

सुमिनाह : झालं तर मला नका बोलावू म्हणावं. तिचं कपाळ मी वाकडं रेखीन. घे तिसरा.

सेकार : हसवू नका... घेतला. मावशी, बास. आता नको. आता परत तसं वाटायला लागलंय. थांबताच येणार नाही असं.

सुमिनाह : बरं.

सेकार : तुम्ही खा ना. अजून पुष्कळ आहे.

सुमिनाह : नको.

सेकार : असं काय करता? चमचा का ठेवलात?

सुमिनाह : तू ठेवलास.

सेकार : मावशी, हा जुलूम आहे.

सुमिनाह : आहे.

सेकार : ...उचला. एक घेते मी. एकच. सांगून ठेवते.

सुमिनाह : मी कुठं दोन म्हणतेय?